हिवाळ्यात म्युनिकहून दक्षिण स्पेन, मोटरहोमने: मार्ग, मुक्काम आणि स्वयंपाक यांविषयी सल्ला हवा आहे

धंतोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी नागपूरला असतो. मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात म्युनिकला. येत्या डिसेंबर-जानेवारीत त्यांच्याकडे जाण्याचे ठरत आहे. मात्र उणे तापमानात आणि दुपारी साडेचारपूर्वीच पडणाऱ्या अंधारात सगळे दिवस घरात बसून काढण्यापेक्षा, त्यांतले तीन आठवडे सर्वांनी मिळून दक्षिण स्पेनमध्ये, तेही मोटरहोम (आत पलंग, ओटा आणि न्हाणी असलेली, राहण्याची गाडी) भाड्याने घेऊन घालवावेत, अशी जावयांची सूचना आहे. त्यांना नाताळानंतर तेवढी रजा मिळू शकते.

सध्या आखलेला मार्ग असा आहे: म्युनिकलाच गाडी घ्यायची, फ्रान्समधून बार्सिलोना, तेथून किनाऱ्याने व्हॅलेन्सिया आणि आल्मेरिया, मग ग्रानादा, मालागा, सेव्हिल, पोर्तुगालमधील अल्गार्व्ह, वेळ उरल्यास बोटीने मोरोक्कोतील टँजियर, आणि परत म्युनिक. मी नागपुरात गेली अनेक वर्षे स्वतः गाडी चालवतो, त्यामुळे चालवण्यात जावयांना मदत करण्याचा विचार आहे. हा मार्ग जमण्यासारखा आहे का, व्हिसासाठी अर्ज कोठे करावा, आणि (हा प्रश्न पत्नीचा आहे) त्या एवढ्याशा ओट्यावर पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक खरोखर होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अंबाझरी

वर्षातले जे दोन महिने नागपूर खऱ्या अर्थाने राहण्याजोगे असते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत उबेच्या शोधात शहर सोडणारे आपण विरळाच. अर्थात हिवाळी अधिवेशनाच्या काळातली सीताबर्डीची वाहतूक चुकणार असेल, तर माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगतो. दक्षिण स्पेन उबदार आहे ते म्युनिकच्या मानाने. मालागाचे जानेवारीतील सरासरी कमाल तापमान १७ अंशांच्या आसपास आणि किमान सात-आठ अंश असते, म्हणजे आपल्या डिसेंबरपेक्षाही ते गारच. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, त्या रात्री वापरलेले सगळे कपडे बरोबर ठेवावेत. ग्रानादा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे जानेवारीच्या रात्री पाणी गोठू शकते. दुपारचे ऊन सुखाचे असते, हे खरे. परंतु समुद्रात डुंबण्याचे बेत आखून जाऊ नये.

रानवाट

धंतोलीकर काका, मी मूळची नागपूरची आणि सध्या नेदरलँड्समध्ये राहते. आम्ही हिवाळ्यात मोटरहोमने स्पेनला जात असतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आपला मार्ग जून महिन्यासाठी उत्तम आहे. जानेवारीसाठी तो योग्य नाही. म्युनिक ते मालागा हे अंतर एका बाजूनेच दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरते. लहान मूल बरोबर असताना मोटरहोमने दिवसाला सहाशे किलोमीटर कापणे हीच कमाल समजावी, म्हणजे जाण्या-येण्यातच आठ दिवस संपतात, आणि ते आठही दिवस सहलीतले सर्वांत थंड दिवस असतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवायची तर १ ऑक्टोबर २०२४ पासून पर्वत आणि हिमकण यांचे चिन्ह असलेलेच टायर हिवाळी टायर म्हणून ग्राह्य धरले जातात. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा चाकांच्या साखळ्या लागतात. फ्रान्सचा टोल वाहनाच्या उंचीवरही ठरतो. साडेतीन टनांपर्यंतची गाडी तीन मीटरपेक्षा कमी उंच असेल तर दुसऱ्या वर्गात आणि त्याहून उंच असेल तर अधिक महाग अशा तिसऱ्या वर्गात मोडते. ज्यांत चालकाच्या डोक्यावर पलंग असतो त्या गाड्या बहुधा तीन मीटरच्या वर जातात. हे सारे टाळण्याचा सरळ उपाय म्हणजे म्युनिकहून विमानाने मालागा गाठावे आणि गाडी तेथेच घ्यावी. स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ जानेवारी २०२६ पासून छतावर ठेवायचा जो चमकता आपत्कालीन दिवा सक्तीचा झाला आहे, तोही मग गाडीबरोबरच मिळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हिवाळ्यातील मोटरहोमच्या सहलीत रस्त्यापेक्षा रात्रीचा विचार आधी करावा लागतो. डिसेंबरअखेरीस मालागाचा दिवस जेमतेम पावणेदहा तासांचा असतो. स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालत असल्यामुळे सकाळी सव्वाआठनंतरच सूर्य दिसतो आणि संध्याकाळी सव्वासहापर्यंत तो मावळतो. त्यानंतर झोपेपर्यंतचे चार तास पाच माणसांनी सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद जागेत काढायचे असतात, आणि त्या लांबीतही चालकाची केबिन, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि मागचा पलंग आलाच. बहुतेक गाड्यांत पाचव्या माणसाचा बिछाना जेवणाचे टेबल खाली उतरवून, त्यावर उशा जोडूनच तयार होतो. म्हणजे नातीला साडेआठला झोपवायचे ठरले, की टेबल गेले, बसायची जागा गेली, आणि उरलेल्या चौघांना आपापल्या पलंगावर चढून कुजबुजत बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पलंगावर चढणे म्हणजे शिडी. आपले आणि काकूंचे गुडघे कसे आहेत, हे मला ठाऊक नाही. पण रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला वरचा पलंग देऊ नये. छतातून विजेच्या बटणावर खाली येणारे पलंग असलेल्या गाड्याही मिळतात, त्यांची चौकशी अवश्य करावी.

म्हणून माझा आग्रह असा की फिरती कमी करावी आणि मुक्काम लांबवावा. एका जागी पाच-सहा रात्री राहिले, की कॅम्पसाइटवर (मोटरहोम आणि तंबूंच्या मुक्कामासाठी राखलेल्या जागेवर) गाडीला लागून कापडी तंबूची खोली उभारता येते. त्या एका खोलीमुळे संध्याकाळ सुसह्य होते. रस्त्याकडेला हे चालत नाही. स्पेनमध्ये नियमानुसार उभ्या केलेल्या गाडीत झोपायला सहसा आडकाठी नसते. परंतु बाहेर छत उघडले, खुर्च्या मांडल्या किंवा सांडपाणी सोडले, की तो मुक्काम ठरतो आणि दंड होतो. समुद्रकिनाऱ्याच्या सार्वजनिक पट्ट्यात तर किनारा कायद्याने वाहन उभे करण्यासच मनाई आहे. इंटरनेटवर पुळणीवर उभ्या असलेल्या मोटरहोमची जी छायाचित्रे दिसतात, ती पाहून बेत आखू नयेत.

शेवटचा मुद्दा. आपण पाच जण आहात, तेव्हा गाडीत किती माणसे झोपू शकतात याआधी पट्टे (सीटबेल्ट) असलेली प्रवासी आसने किती आहेत हे विचारावे. सहा जण झोपू शकतील अशा गाडीत पट्ट्यांची आसने चारच असणे अगदी सर्रास आढळते. स्पेनमध्ये १३५ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांना बालआसन बंधनकारक आहे, आणि टेबलामागच्या बाकावर ते घट्ट बसवता येते की नाही हे गाडीगणिक बदलते.

भटकंती४४०

एवढा व्याप करण्यापेक्षा न्यूझीलंडचा विचार का करू नये? तेथे डिसेंबर-जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, रात्री नऊपर्यंत उजेड, आणि मुख्य म्हणजे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. मोटरहोमसाठी याहून सोयीचा देश नसेल. मात्र मोकळ्या जागी मुक्काम करायचा तर गाडीत कायम बसवलेले शौचालय आणि तसे प्रमाणपत्र लागते. भाड्याच्या गाड्यांना हा नियम ७ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आहे. आणि विमानतळावर खाद्यपदार्थ जाहीर केले नाहीत तर तेथल्या तेथे ४०० डॉलर दंड होतो, तेव्हा लाडवांचा डबाही अर्जात लिहावा.

धंतोलीकर

भटकंती, सूचना मोहक आहे. परंतु नात म्युनिकला आहे आणि आम्ही चाललो आहोत ते तिच्यासाठी. न्यूझीलंड पुढे कधीतरी.

रानवाट ताई, आपला प्रतिसाद पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. गुडघ्यांविषयीचे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावले. टँजियर आणि बार्सिलोना हे दोन्ही मार्गातून वगळत आहोत. वीज, पाणी आणि गॅस यांचे नेमके गणित कोणी समजावून देऊ शकेल का? मुलीच्या म्हणण्याप्रमाणे 'सगळे असते', पण किती असते हे तिलाही सांगता येत नाही.

कोराडीकर

धंतोलीकर साहेब, माझे आयुष्य वीज विभागात गेले आणि मुलाकडे ऑस्ट्रियाला गेलो असताना मोटरहोमची सगळी यंत्रणा उघडून पाहण्याची हौस भागवून घेतली, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

गाडीच्या मागच्या भागाला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी असते. ती १०० अँपिअर-तासांची आणि शिशाची असेल, तर तिची निम्मीच शक्ती वापरावी, म्हणजे हाताशी सुमारे ६०० वॅट-तास येतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि पाच जणांचे मोबाइल यांना रात्रभर ते पुरतात. आपला मिक्सर किंवा इंडक्शन शेगडी यांचा तेथे संबंधच येत नाही. छतावर सौर पट्ट्या असतात; परंतु डिसेंबरअखेरीस मालागाला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३० अंश वर येतो (नागपुरात त्याच दिवशी ४५ अंश येतो), आणि छतावर आडव्या पडलेल्या पट्टीला असे तिरपे ऊन फारसे लागत नाही. लिथियम बॅटरीची गाडी मिळाली तर अधिक चांगले.

कॅम्पसाइटवर २३० व्होल्टची जोडणी मिळते, तिचा निळा तीन टोकांचा प्लग आणि लांब केबल गाडीबरोबर येते. तेथे विचारायचा प्रश्न एकच: खांबावर किती अँपिअर आहेत? सहा अँपिअर असतील तर एकूण १३८० वॅट, दहा असतील तर २३०० वॅट. दोन हजार वॅटची किटली आणि छोटा विजेचा हीटर एकत्र लावला, की दहा अँपिअरचेही बटण पडते, आणि बऱ्याच ठिकाणी ते पुन्हा चढवण्यासाठी कार्यालयात जावे लागते. नागपूरहून नेलेल्या उपकरणांचे गोल जाड पिनांचे प्लग तेथील सॉकेटमध्ये जात नाहीत. अडॅप्टर येथूनच न्यावा.

गॅसचे म्हणाल तर स्वयंपाक, गरम पाणी, आणि बहुतेक गाड्यांत हीटर व फ्रिज हे सारे त्याच सिलिंडरवर चालते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देत राहतो. किनाऱ्यावर दोन्ही चालतील. ग्रानादाच्या बाजूला राहणार असाल तर प्रोपेनच मागावा. देशागणिक सिलिंडर आणि रेग्युलेटर वेगळे असतात, त्यामुळे गाडी स्पेनमध्येच घ्यावी हे रानवाट यांचे म्हणणे या बाजूनेही पटते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून गाडीच्या तळाशी मुद्दाम भोके ठेवलेली असतात. गार वारा येतो म्हणून ती चिंध्या घालून बुजवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र गाडीत आहे आणि चालू आहे, हे ताबा घेतानाच बटण दाबून पाहावे.

वजनाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. साधारण मोटारीच्या परवान्यावर युरोपात साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. समजा चालक, डिझेल आणि थोडे पाणी धरून गाडीचे वजन ३०५० किलो भरले, तर उरले ४५० किलो. बाकीच्या चौघांचे मिळून २१५ किलो धरा, पाण्याची शंभर लिटरची टाकी पूर्ण भरली तर आणखी ऐंशी किलो, आणि मग अंथरूण-पांघरूण, बॅगा, टेबल-खुर्च्या, धान्य व भांडी या सगळ्यांसाठी दीडशेच्या आसपास किलो शिल्लक राहतात. जास्त वाटते, पण पुरत नाही.

अंबाझरी

शौचालयाविषयी सगळेच मौन पाळून आहेत, म्हणून लिहितो. त्याची टाकी साधारण अठरा-वीस लिटरची असते आणि ती हाताने काढून ठरलेल्या जागीच रिकामी करावी लागते. आपल्या पाण्याच्या सवयीने पाच जणांत ती एका दिवसातच भरते. कॅम्पसाइटची स्वच्छतागृहे चांगली असतात. दिवसा तीच वापरावीत आणि गाडीतले शौचालय फक्त रात्रीपुरते ठेवावे. टाकी रिकामी करण्याचे काम कोणाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. परंपरेने ते जावयाकडे जात नाही, पण येथे जाऊ द्यावे.

पाटोडीरस्सा

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर: होतो, पण येथल्यासारखा होत नाही. शेगडीला दोन किंवा तीन बर्नर असतात आणि ते इतके जवळ असतात, की कुकर आणि मोठा तवा शेजारी बसत नाहीत. तीन लिटरचा कुकर, एक कढई आणि एक लहान तवा एवढ्यावर भागवावे. कुकरमध्ये खाली वरण आणि वर भात, दुसऱ्या बर्नरवर भाजी. पोळ्या पाच जणांच्या करायला तासभर जातो आणि पिठी सगळीकडे उडते, तेव्हा रोज पोळीचा हट्ट धरू नये. स्पेनमध्ये पाव उत्तम मिळतो. फोडणी बाहेर, कापडी खोलीत छोट्या शेगडीवर करायची असेल तर एक बाजू पूर्ण उघडी ठेवूनच करावी. सावजी मसाल्याची फोडणी गाडीच्या आत एकदा दिली, की पडदे आणि गाद्या गाडी परत करेपर्यंत वास सोडत नाहीत, आणि स्वच्छतेचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात ते वेगळेच.

नेण्याच्या सामानाविषयी एक महत्त्वाची सूचना आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घातलेली संत्रा बर्फी, सगळे बाद. ताजी फळे आणि पाने यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सवलत आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना, त्यामुळे नातीसाठी संत्री किंवा फोडणीसाठी ताजा कढीपत्ता बॅगेत टाकू नये. मसाले, डाळी, भाजणी, पापड आणि शेवया यांची अडचण येत नाही. आल्मेरियाच्या परिसरात प्लास्टिकखालची भाजीपाल्याची शेती मैलोन्‌मैल पसरलेली आहे, त्यामुळे भर हिवाळ्यातही वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडी भरपूर मिळते. संत्र्यांविषयीही नागपूरकरांना सावध करते: सेव्हिलच्या रस्त्यांवर जानेवारीत झाडे संत्र्यांनी लगडलेली दिसतात, पण ती जात कडू आहे, मुरंब्याची. तोडून तोंडात टाकू नये.

मोहफूल

व्हिसाविषयी. शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. दिवस समसमान असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. आपण मुलीकडे जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज जर्मनीकडे करावा. म्युनिकला उतरणार आहात, तेव्हा ते सोयीचेही आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. डिसेंबरची गर्दी लक्षात घेता सप्टेंबरमध्येच करावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा आवश्यक. कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, ही मर्यादा आपल्याला आड येणार नाही.

मोटरहोमच्या प्रवासात निवासाचा पुरावा काय द्यायचा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मुलीचे निमंत्रणपत्र, गाडीच्या आरक्षणाची पावती आणि कॅम्पसाइटचे आरक्षण, असे तिन्ही कागद तारखा जुळवून जोडावेत. एखादी रात्र मोकळी सोडून नंतर स्पष्टीकरण देत बसू नये. टँजियर वगळलेत हे बरे केलेत. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा, तेथे गेल्यावर शेंगेनमध्ये परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा, आणि भाड्याची गाडी तेथे नेण्यास बहुतेक कंपन्या परवानगीच देत नाहीत.

धंतोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलगी आणि जावई यांच्याशी सविस्तर बोलणे झाले आणि मार्ग पुढीलप्रमाणे बदलला आहे. म्युनिकहून विमानाने मालागा; तेथून पूर्वेकडे नेरहाजवळ पहिला मुक्काम, मग आल्मेरियाच्या पलीकडे काबो दे गाता येथे दुसरा, आणि परतताना ग्रानादाला दोनच रात्री. पोर्तुगाल पूर्ण वगळला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की, जावयांची रजा आता दोनच आठवड्यांची मंजूर होईल असे दिसते. तिसऱ्या आठवड्यात मी गाडी चालवावी का? आणि दुसरी, ग्रानादाचा अलहम्ब्रा हा जुना किल्ला-राजवाडा मोटरहोम घेऊन पाहता येतो का?

रानवाट

काका, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. परवान्याची अडचण नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, तो वर्षभर चालतो, आणि तो मूळ परवान्याबरोबरच दाखवावा लागतो. तो काढून ठेवाच, कारण जावई आजारी पडले तर गाडी कोणीतरी जवळच्या कॅम्पसाइटपर्यंत न्यायला हवी. फक्त कराराच्या वेळी आपले नाव दुसरा चालक म्हणून लिहून घ्यावे, आणि चालकाच्या वयाची वरची मर्यादा काय आहे हे आधीच विचारावे.

अडचण डावीकडे बसून उजव्या बाजूने चालवण्याची आहे. उजवीकडे बसण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातून गाडी नकळत उजव्या कडेला सरकत जाते, कारण इतकी वर्षे आपल्या उजव्या खांद्यालगत रस्त्याचा मध्य होता आणि आता तेथे दोन मीटर गाडी पसरलेली असते. पहिला बळी उजव्या आरशाचा जातो. वर्तुळाकार चौकात उलट दिशेने फिरायचे, मागचे काही दिसत नाही, आणि नात मागून प्रश्न विचारते आहे, अशा स्थितीत हे शिकण्याची गरज नाही.

त्याऐवजी दोन आठवड्यांनी गाडी मालागाला परत करावी आणि तिसऱ्या आठवड्यासाठी नेरहाच्याच परिसरातील कॅम्पसाइटवर बंगला घ्यावा. बहुतेक मोठ्या कॅम्पसाइटवर स्वयंपाकघरासह छोटी लाकडी घरे असतात, हिवाळ्यात आठवड्याच्या मुक्कामावर सवलत मिळते, आणि काकूंना शिडी चढावी लागत नाही. आरक्षण मात्र आत्ताच करावे. उत्तर युरोपातील निवृत्त मंडळी जानेवारी-फेब्रुवारीत त्याच किनाऱ्यावर महिनोन्‌महिने मुक्कामाला असतात आणि चांगल्या जागा शरद ऋतूतच भरतात.

अलहम्ब्राची तिकिटे पासपोर्टवरील नावाने आणि आत जाण्याच्या ठरावीक वेळेसह मिळतात, ती घरूनच काढावीत. मोटरहोम शहराबाहेरच्या कॅम्पसाइटवर ठेवून बसने जावे. ५ जानेवारीच्या संध्याकाळी तेथे गावोगावी बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि मुलांवर गोळ्या-चॉकलेटे उधळतात. नातीसाठी ती चुकवू नये. ६ तारखेला सुट्टी असल्यामुळे दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-भाजी ५ तारखेला सकाळीच भरून ठेवावी.

गाडीचा ताबा घेताना आतून-बाहेरून चित्रफीत काढावी, छताचे कोपरेही त्यात यावेत. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड बहुधा चालत नाही. म्हणून जावयांच्या कार्डाची मर्यादा आधी तपासावी. आणि गाडीची उंची एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चालकाच्या समोर चिकटवावी, कारण सुपरमार्केटच्या वाहनतळांवरील आडवे दांडे बहुधा दोन-सव्वादोन मीटरवर असतात.